हद्दीबाहेर मरण्याबाबत

॥ श्रीविश्वेश्वर प्रसन्न ॥

मी, दिनानाथ प्रल्हाद सोवनी, वय वर्षे एकाहत्तर पुरी, पूर्वीचा व्यवसाय गणिताचा शिक्षक, मधली तीन वर्षे लोकसभेचा अपक्ष सदस्य, सध्या काही नाही, राहणार दूधविनायक, वाराणसी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण मृत्युपत्राला डोके पुरते, असे आमचे वकील गोपीनाथ शेवडे यांनी सांगितले आहे. मला कोणी दरडावले नाही, कोणी लालूच दाखवली नाही. लालूच दाखवायला येणारी माणसे १९९६ च्या मे महिन्यापासून आमच्या गल्लीचा रस्ता विसरली आहेत.

घर, पुस्तके आणि चार भांडी यांची व्यवस्था पुढे लिहिली आहे. पण खरे सांगायचे तर तेवढ्यासाठी मी कागद खराब केला नसता. माझे मुख्य म्हणणे एकच आहे: मला काशीत मरायचे नाही. लांबलांबची माणसे इथे मरायला येतात, कारण काशीच्या हद्दीत प्राण गेला की मुक्ती मिळते, पुन्हा जन्म नाही. माझी पत्नी कै. सौ. सुनीती हिचा प्राण हद्दीबाहेर गेला, आणि तो माझ्यामुळे गेला. तिला जे मिळाले नाही ते मी घरबसल्या पदरात पाडून घ्यावे, हे मला जमणार नाही. तेव्हा माझा शेवट जवळ आला असे दिसताच मला गंगेपलीकडे रामनगरला न्यावे. त्या तीरावर मेलेला पुढच्या जन्मी गाढव होतो म्हणतात. तीन वर्षे संसदेत काढल्यावर मला त्याची फारशी धास्ती उरलेली नाही.

गोपीनाथरावांनी हा परिच्छेद वाचून चष्मा काढला. म्हणाले, "गुरुजी, मृत्युपत्र लागू होतं माणूस मेल्यावर. मरायचं कुठे, हे त्यात लिहून काय उपयोग? आम्ही वाचेपर्यंत तुम्ही गेलेले असणार." जन्मभर पोरांना उदाहरणाची मांडणी शिकवली आणि ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, याची लाज वाटली. तरी परिच्छेद खोडत नाही. माझी मुलगी ईशानी माझ्याजवळ राहते, इथल्याच मुलींच्या शाळेत शिकवते, आणि ह्या गोष्टीच्या साफ विरुद्ध आहे. कायद्याने नाही तर भिडेने तरी ती ऐकेल, अशी आशा धरतो.

कलम पहिले. दूधविनायकातल्या इमारतीत माझ्या मालकीच्या वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीचा पूर्वेकडचा अर्धा भाग, हे सर्व ईशानीला. तळमजल्याची एक खोलीही माझीच, पण तिच्यात कस्तुरीकाकू राहतात. नवरा गेल्यावर चाळिसाव्या वर्षी त्या वाईहून काशीत मरायला आल्या, त्या आता त्र्याऐंशीच्या आहेत. त्या असेपर्यंत ती खोली त्यांची. परवा त्यांनी मला विचारले, "माझ्या आधी जातोयस का रे दिना? मग खोलीचं लिहून ठेव बाबा." म्हणून लिहून ठेवले.

गच्चीचा पश्चिमेकडचा भाग शेजाऱ्यांचा. १९७८ साली त्यांनी मधोमध तारेची जाळी घातली, माकडे येऊ नयेत म्हणून. तेव्हापासून गल्लीतली सगळी माकडे आमच्या बाजूला असतात. ह्यावरून ईशानीने भांडू नये. आमच्या घराण्याच्या वाट्याचे भांडण मी पुरे केले आहे.

कलम दुसरे. बांबूची नऊ पायऱ्यांची शिडी गल्लीतल्या मराठी वाचनालयाला द्यावी. त्यांच्या वरच्या फळीवरची पुस्तके कित्येक वर्षांत कोणी काढलेली नाहीत. ही शिडी म्हणजे माझे निवडणूक चिन्ह. तिची हकिगत इथेच सांगतो, कारण माझ्यामागे ती सरळ सांगणारा कोणी नाही.

१९८९ साली मी निवृत्त झालो. पुढच्या महाशिवरात्रीला सुनीतीने आणि मी मणिकर्णिकेवर स्नान करून क्षेत्रसंन्यास घेतला. घर सोडले नाही की कपडे भगवे केले नाहीत. एवढाच संकल्प सोडला, की पंचक्रोशीच्या रस्त्याने आखलेली काशीची हद्द यापुढे मरेपर्यंत ओलांडायची नाही. मरण केव्हा गाठील ते सांगता येत नाही, तेव्हा आपण आधीच जागेवर जाऊन बसावे, असा त्यातला विचार. सुनीतीला हे मनापासून हवे होते. मला प्रवासाचा कंटाळा होता.

१९९२ च्या पावसाळ्यात एका सरकारी कचेरीने आमच्या गल्ल्यांतल्या शेहेचाळीस म्हाताऱ्या बायकांचे निर्वाहवेतन बंद केले. कारण काय, तर त्या जिवंत असल्याचा दाखला नाही. मरायला आलेल्या बायका जिवंत असल्याचा दाखला कशाला बाळगतील? मी अर्ज लिहिले, खेटे घातले. शेवटी तिथले साहेब म्हणाले, "मास्टरसाहब, कानून दिल्ली में बनता है। वहीं जाकर बदलवाइए।" माझे डोके फिरले. आमच्याकडे तेव्हा लोकसभेची पोटनिवडणूक लागली होती. मतदारसंघ थोडा शहरात आणि बराचसा पश्चिमेच्या खेड्यांत पसरलेला. मी जाऊन अपक्ष म्हणून अर्ज भरला. अर्ज घेणारी कचेरी हद्दीत होती, म्हणून भरता आला. निवडून येण्याचा विचार मी केला नव्हता, आणि दुसऱ्या कोणी तर नाहीच नाही.

उरलेल्या चिन्हांत उंट, पलंग आणि शिडी होती. मी शिडी घेतली. विरोधकांनी लगेच काशीची जुनी म्हण भिंतींवर रंगवली: 'रांड, सांड, सीढ़ी, संन्यासी, इनसे बचे सो सेवे काशी.' म्हणजे या चौघांतून वाचेल त्यानेच काशीत राहावे. खाली लिहिले, की हा उमेदवार शिडी आहे, संन्यासी आहे, आणि विधवांना घेऊन फिरतो. फक्त सांड कमी आहे. सुनीतीने ते वाचले आणि म्हणाली, "सांडही आहे. घरात असतो म्हणून लोकांना माहीत नाही."

आता अडचण अशी, की निम्म्याहून अधिक मतदार पंचक्रोशीच्या रस्त्यापलीकडे. रस्ता ओलांडला तर संकल्प मोडतो. मग मी रस्त्याच्या आतल्या कडेला कडुलिंबाला शिडी टेकवायचो, वर चढायचो, आणि भोंग्यातून बोलायचो. ऐकणारे पलीकडच्या शेतात उभे. शिडी धरायला छेदी असायचा. छेदीलाल निषाद, नाव चालवतो, त्याची नाव भोसले घाटाला बांधलेली असते, माझा जुना विद्यार्थी, गणितात तीनदा नापास. पहिल्या सभेला अकरा माणसे आली. आठवड्याने त्याच रस्त्यावरच्या भीमचंडीपाशी शेत भरले. लोक भाषण ऐकायला येत नव्हते, हा कोण वेडा आहे जो रस्ता ओलांडत नाही, ते बघायला येत होते. आणि मग एका म्हाताऱ्याने गर्दीतून जे म्हटले ते गावोगाव गेले: "जे अपने किरिया खातिर सड़क ना लाँघै, ऊ दिल्ली में का बिकाई?" आपल्या शपथेसाठी जो रस्ता ओलांडत नाही, तो दिल्लीत काय विकला जाणार? तिन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार एकमेकांची मते खात बसले, आणि मी एक हजार एकशे त्रेचाळीस मतांनी निवडून आलो.

मिरवणुकीतून गुलालाने माखून घरी आलो, तर सुनीती स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. म्हणाली, "आता?"

लोकांनी मला हद्द न ओलांडण्यासाठी निवडून दिले होते, आणि निवडून आल्यावर पहिले काम हद्द ओलांडण्याचे होते. हे गणित मी अर्ज भरताना करायला हवे होते. ज्या शास्त्रीबुवांनी संकल्प सांगितला होता त्यांच्याकडे गेलो. विचारले, क्षेत्रसंन्याशाला दिल्लीला जावे लागले तर काय तोड आहे? त्यांनी दोन दिवस पोथ्या चाळल्या आणि म्हणाले, "आमच्या पुस्तकात दिल्ली नाही." ते गेले, नाहीतर त्यांना ह्या मृत्युपत्रात एक रुपया ठेवणार होतो.

शेवटी सुनीतीनेच निकाल दिला. "तुम्ही जा. शेहेचाळीस बायकांना तोंड द्यायचंय तुम्हाला. दोघांचा संकल्प मी सांभाळते."

कलम तिसरे. दिल्लीहून आणलेली पत्र्याची ट्रंक. तिच्यात अहवाल, प्रश्नोत्तरे, विधेयकांचे मसुदे आणि माझ्या भाषणांच्या छापील प्रती आहेत. ईशानीने त्या रद्दीत घालाव्यात. भाषणे चाळून वेळ घालवू नये. अपक्षाला सगळ्यांच्या शेवटी तीन मिनिटे मिळतात, आणि त्यातली दीड मिनिटे घंटी वाजत असते. तीन वर्षांत माझ्याविषयी सभागृहात सर्वांत जास्त वेळा उच्चारला गेलेला शब्द 'बैठिए' हा आहे.

तरी ते दिवस आठवले की अजून बरे वाटते, हे कबूल करतो. शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड माझी जागा. शपथ मी मराठीत घेतली. शेजारी बसणारे बिहारचे एक वृद्ध सदस्य सगळे मिनिटभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "आप तो बनारस के हैं न?" मी म्हटले, चार पिढ्या. त्यांनी खिशातून वेलदोडा काढून दिला. दोन पक्षांची माणसे आपापली टोपी घेऊन येऊन गेली, मी त्यांना स्वतः केलेली खिचडी वाढली, ती खाऊन परत कोणी आले नाही. प्रश्न विचारायला मला आवडे. मंत्र्यांच्या उत्तरातली बेरीज चुकलेली मी दोनदा दाखवून दिली. एकदा तर सगळे सभागृह हसले, आणि ते माझ्यावर नव्हते.

पण त्या दिवसांतला खरा आनंद जाण्यायेण्याचा. वाराणसीचे स्टेशन हद्दीत आहे. प्रत्येक अधिवेशनाला सुनीती फलाटावर येई, हातात दशम्यांचा डबा, मेतकुटाची पुडी आणि एक सूचना: "तिकडे कुणाच्या अंगावर जाऊ नका, समजावून सांगा." परत आलो की आधी भोसले घाटावर स्नान, मग घरात पाऊल. थंडीतसुद्धा तिने सूट दिली नाही. मी पाण्यात कुडकुडत असे आणि ती पायरीवर कोरडा पंचा घेऊन बसलेली, तिथूनच विचारी, "मग? काय म्हणाले मंत्री?" मी पाण्यातून उत्तर देई. आमच्या लग्नाला तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती, आणि इतके बोलणे आधी कधी झाले नव्हते.

भोंग्याबद्दल: तो छेदीला द्यायचा होता, पण छेदी ह्या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये, असे गोपीनाथरावांचे मत पडले. म्हणून भोंगा आजच त्याच्या हातात दिला.

कलम चौथे. माझे मनगटी घड्याळ, चालू स्थितीतले, एका माजी सदस्यांना टपालाने पाठवावे. त्यांचे नाव व पत्ता मी वेगळ्या चिठ्ठीवर ईशानीला दिला आहे. इथे नाव लिहून त्यांना मोठे करत नाही. त्यांना १८ ऑगस्ट १९९५ रोजी फार घाई होती.

खासगी सदस्यांची विधेयके शुक्रवारी दुपारी येतात, आणि त्यांतली कोणती येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरते. सव्वादोन वर्षांनी माझी चिठ्ठी निघाली. विधेयक तीन पानांचे होते. तीर्थक्षेत्री एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांना निर्वाहवेतन मिळावे, आणि ती जिवंत आहे हे शेजारणीने सांगितले तर ते पुरेसे मानावे, इतकेच त्यात होते. त्याच्यासाठी मी हद्द ओलांडली होती. मग माझ्या मनात आले, की हे सुनीतीने एकदा ऐकावे. चार दिवस मनाशी घोळवले. घरी फोन होता, पण फोन वाजला की कस्तुरीकाकूंसकट निम्मी गल्ली ऐकायला उभी असायची, आणि असले मागणे मला चारचौघांत करता येत नाही. म्हणून १२ तारखेला आंतरदेशीय पत्र लिहिले: तू ये, एकाच दिवसासाठी ये. आणखीही काही लिहिले, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

१५ तारखेला ईशानीचा फोन आला, की आम्ही दोघी येतोय. पत्र पोचले, असे मी समजलो. त्या आल्या. पत्राविषयी सुनीती बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही. आमच्या पिढीची ती रीतच आहे.

शुक्रवारी ती प्रेक्षकांच्या सज्ज्यात पहिल्या रांगेत बसली होती. सभागृहात मी धरून एकतीस सदस्य होते, मी मोजले होते. मी उभा राहिलो. कस्तुरीकाकूंची हकिगत सांगू लागलो. चार मिनिटे झाली असतील, तोच वर उल्लेखलेले सदस्य उठले आणि म्हणाले, गणपूर्ती नाही. सभागृहात पंचावन्न माणसे लागतात. घंटी वाजवली. बाहेरून दोघे आले. कामकाज त्या दिवसापुरते संपले, आणि पुढे ते विधेयक पुन्हा कधी आले नाही. त्या सदस्यांना गाडी गाठायची होती, असे नंतर कळले.

बाहेर पडताना सुनीती म्हणाली, "मला शेवटपर्यंत ऐकू आलं. उगाच भरभर बोलता तुम्ही, घाई काय होती?" दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिने चहाचे आधण ठेवले, छातीत कळ आली म्हणून खाली बसली, आणि संपले. परतीचे तिकीट त्याच संध्याकाळचे होते.

दहन दिल्लीला झाले. अस्थी मणिकर्णिकेवर आणल्या. लोक समजूत घालत होते, की अस्थी आल्या म्हणजे ती आलीच. पण जळण्याने मुक्ती मिळत नाही, मरण्याने मिळते, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. पाच वर्षे जिने उंबरठ्यासारखी ती हद्द सांभाळली, ती एका दिवसासाठी माझ्या बोलावण्यावरून बाहेर पडली आणि तोच दिवस तिचा निघाला. पुढच्या वर्षी निवडणुकीत माझी अनामत जप्त झाली. भिंतींवर लिहिले होते, 'गुरुजी हद पार कर गए.' मला ते खोटे वाटले नाही.

कलम पाचवे. माझा मुलगा यज्ञेश, रेल्वेत इंजिनियर, मुक्काम भुसावळ. त्याने माझ्याकडून काही नको असे कळवले आहे, म्हणून स्थावरातले काही ठेवत नाही. आईला अग्नी देऊन तो परतला आणि मला म्हणाला, "आईला तुम्ही आणलंत. तुमचं भाषण ऐकायला." त्यानंतर तीन वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही. त्याचे म्हणणे मला मान्य आहे, हे इथे लिहून ठेवतो. त्याच्या आईची तांब्याची पळी-पंचपात्री त्याला द्यावी, आणि माझी क्षमायाचना.

इथवर परवा लिहून झाले. पक्के करण्याआधी काल सकाळी ईशानीला वाचायला दिले. तिने चौथे कलम दोनदा वाचले आणि म्हणाली, "अण्णा, यह गलत लिखा है आपने।" मन हलले की तिची मराठी सुटते.

"कुठलं?"

"आईला तुम्ही बोलावलंत, हे."

ती आत गेली आणि कपाटातून एक आंतरदेशीय पत्र घेऊन आली. अक्षर माझे. पत्र फोडलेले नव्हते. त्याच्यावर आमच्या पोस्टाचा पोचल्याचा शिक्का होता, १८ ऑगस्टचा. त्या दोघी घरातून १६ तारखेला निघाल्या होत्या.

"दिल्लीहून परत आले तेव्हा कस्तुरीकाकूंनी दिलं मला," ती म्हणाली. "आईने पेपरमध्ये वाचलं होतं अण्णा, दहा तारखेलाच. शुक्रवारी तुमचं विधेयक आहे म्हणून. मला म्हणाली, शुक्रवारी दुपारी तिकडे कुणी नसतं, सब घर निकल जाते हैं, तेच सांगत होते मागे घाटावर. एक तरी माणूस ऐकायला हवं. तू टिकट निकाल."

"आणि संकल्प?"

"मी विचारलं. तर म्हणाली, संकल्प माझा आहे ना, मग मोडायचा कधी तेही मीच ठरवीन." ईशानीने पत्र माझ्यापुढे ठेवले. "शिवपूर मागे पडलं, हद्द संपली, तेव्हा तिने खिडकीतून हात जोडले, एकदाच. मग डबा उघडला आणि मला म्हणाली, खा आता, भूक लागलीय."

मी विचारले, की तीन वर्षे हे का सांगितले नाहीस.

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता, मी पत्र लिहिलं म्हणून ती आली. रडायचात, पण सांगायचात. आईने ते वाचलंच नाही, हे मैं किस मुँह से कहती?"

काल दिवसभर मी अन्न घेतले नाही. मला हलके वाटायला हवे होते. आधी राग आला, आणि तो सुनीतीचा आला. मग कळले, की तिचे जाणेसुद्धा मी माझ्या नावावर लावून बसलो होतो, सगळी मते आपल्यालाच पडली असे समजणाऱ्या उमेदवारासारखा. ती आली ती तिच्या मनाने आली. त्या सज्ज्यात बसून तिने गणपूर्ती करायचा प्रयत्न केला, आणि मी मात्र तिला तीन वर्षे माझा बळी ठरवून मिरवत होतो. मला फार रडू आले, ते लपवत नाही.

वरचे एकही कलम खोडत नाही. माणूस काय समजत होता हेही मागे राहिले पाहिजे.

कलम सहावे. ते आंतरदेशीय पत्र यज्ञेशला द्यावे. त्याने आधी दोन्ही बाजूंचे शिक्के पाहावेत, दिल्लीचा १२ आणि वाराणसीचा १८. तो इंजिनियर आहे, जास्त सांगावे लागणार नाही. पत्र फोडायचे की नाही ते त्याचे त्याने ठरवावे. फोडलेच तर बापाने काय लिहिले ते वाचून हसू नये.

कलम सातवे, आणि शेवटचे. काल संध्याकाळी ईशानीने विचारले, "आता तर पलीकडे जायची गरज नाही ना? प्रायश्चित्त कशाचं घ्यायचं?"

तिचे तर्कशास्त्र बरोबर आहे. प्रायश्चित्त म्हणून जायचे कारण उरलेले नाही. तरी मी जाणार, आणि शेवट जवळ येण्याची वाट न पाहता जाणार, कारण मृत्युपत्राने हे काम होत नाही हे गोपीनाथरावांनी सिद्ध केले आहे. रामनगरला छेदीच्या भावाच्या घरी नदीकडच्या अंगाला एक खोली आहे. ती मी घेतली आहे. १९९६ नंतर आज पहिल्यांदा हद्द ओलांडतो.

ईशानी म्हणाली, "तिथे गेलात तर मुक्ती नाही, अण्णा. सोच लीजिए।"

मी विचार केला आहे. इथे मेलो तर मी सुटेन, आणि सुटलो तर सुनीतीची नि माझी पुन्हा गाठ पडायची नाही, कधीच नाही. ती कुठे असेल, कोणत्या योनीत, कोणत्या गावात, मला माहीत नाही. पण ती जन्माच्या फेऱ्यात आहे, म्हणजे कुठेतरी आहे. मी संसदेत होतो ती सगळी वर्षे ती इथे बसून माझी वाट पाहत होती. माझे बोलणे कोणी ऐकायला नव्हते तेव्हा ती आली होती. आता मी थांबतो. मुक्ती घाईने घ्यायची वस्तू नाही.

हे मी ईशानीला असेच सांगितले. आज सकाळी नावेत सामान चढवताना पाहिले, तर तिने गाद्या दोन बांधल्या होत्या. शाळेला रोज सकाळी छेदी नेऊन सोडील म्हणाली.

येणेप्रमाणे हे लिहिले, वाचून पाहिले, आणि समजून उमजून सही केली.

(सही) दिनानाथ प्रल्हाद सोवनी

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. सही करताना गुरुजी खाटेवर बसले होते, शुद्धीवर होते, आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका त्यांनी स्वतः दुरुस्त केल्या. साक्षीदार क्रमांक दोन यांना मराठी येत नसल्याने सर्व मजकूर त्यांना हिंदीत समजावून सांगितला. त्यावर ते म्हणाले, "एतना लिखै क का जरूरत रहल गुरुजी, हम त अइसहीं ले आइत।" म्हणजे, एवढे लिहायची काय गरज होती, मी तुम्हाला असाच घेऊन आलो असतो.

साक्षीदार १. (सही) गोपीनाथ शेवडे, वकील, राहणार दूधविनायक, वाराणसी

साक्षीदार २. (सही, हिंदीत) छेदीलाल निषाद, व्यवसाय नावाडी, भोसले घाट, वाराणसी

ठिकाण: रामनगर, गंगेचा पूर्व तीर
दिनांक: २२ नोव्हेंबर १९९८